मुंबईपर्यंत तार, पुढे नुसती हवा

आई,

तुला पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडखळले, कारण पत्रावर तुझा कधी भरवसा नव्हता. "कागदावर माणूस पाहिजे ते लिहिते, आवाजात नाई लपवता येत," असं तू म्हणायचीस, आणि ते अशा थाटात, की जणू पोस्टातली सगळी पत्रं तूच उघडून वाचली आहेत. टेलिफोनवाल्यांचा तो जुना तोरा होता आणि तुला तो शोभायचा. गेल्या आठवड्यात माझ्या नातीचा फोन आला. ती कॅनडात असते, आणि आता फोनमध्ये माणसाचं तोंडही दिसतं, हे तुला खरं वाटणार नाही. तिनं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी फॉरेनला फोन कसा लावायचे गं?" मी म्हटलं, "आमच्या वेळी लोक लावायचे नाहीत, माझी आई लावून द्यायची." मग तिला पवनारच्या मावशीची गोष्ट सांगत बसले. तासभर सांगितली, आणि नेहमीसारखीच त्यातली एक बाब गाळली. साठ-पासष्ट वर्षं मी ती गाळत आले आहे. फोनवर सांगायची सोय आता उरली नाही, म्हणून हा कागद.

नातीला आधी तुझं एक्स्चेंज समजावून सांगावं लागलं. तारघराच्या मागची ती लांबट खोली, भिंतीला लागून उभा स्विचबोर्ड, त्याच्यासमोर उंच स्टुलावर तू. काठ नसलेलं पांढरं लुगडं, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत लाइनी जोडायच्या दोऱ्या. वर्ध्यात नंबर सांगून फोन मागणारा माणूस विरळाच. "जिनवाल्या शेठले द्या," "डाक्टरले द्या, घरी नसन तं दवाखान्यात पाहा," असं म्हणायचे आणि तू द्यायचीस. बाबा गेल्यावर वर्षभरात तू ही नोकरी धरलीस तेव्हा आळीतल्या बायका म्हणाल्या होत्या, की बाई दिवसभर परक्या पुरुषांच्या कानात बोलते. ते तुझ्यापर्यंत आलं. तू भाकरी थापता थापता एवढंच म्हणालीस, "मी कानात बोलत नाई, कानाले कान जोडून देते." आणि तुझा नियम कडक होता. दोरी जोडली की मधे बोलायचं नाही, आणि लाइन टिकली आहे की नाही हे पाहताना जे कानावर पडेल ते घरी आणायचं नाही. गावातली अर्धी लग्नं आणि सगळी भांडणं तुझ्या डोक्यात असतील, पण मला त्यातला एक शब्द कधी मिळाला नाही. मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिक झाले होते, इंग्रजीत शाळेत पहिली आले होते. मला फार वाटायचं की तू काहीतरी सांगावंस.

ती मावशी आली तो दिवस मला स्पष्ट दिसतो. उन्हं कलली आहेत, मी तुला घरी न्यायला आले आहे, आणि दारात एक काळीसावळी उंच बाई उभी आहे. हातात निळं विमानाचं पत्र. "बाई, मले विलायतेत बोलाचं हाय," ती म्हणते. असं म्हणते, की जणू शेजारच्या सेलूला बोलायचं आहे. तू विचारतेस, "कोणाशी?" ती म्हणते, "माह्या पोराशी. तो तिकडं दवाखान्यात पडून हाय."

तिचा मुलगा पुलगावच्या गिरणीत होता, यंत्रं शिकायला विलायतेला गेला होता आणि तिथे त्याला छातीच्या दुखण्यानं धरलं. पत्र तू वाचलंस, मग मी वाचलं. "माय, डाक्टर म्हणून राह्यले का फुप्फुसाचा खराब तुकडा काढून टाकतो. मी नाई म्हटलं. तू हौ म्हणशील तं करतो. तार नोको पाठवू. तारेत कोणीबी हौ लिहिते. मले तुह्या तोंडून ऐकाचं हाय." हा हट्ट कुठून आला ते मावशीनंच सांगितलं. तो नागपूरला शिकत असताना त्याचा बाप दुखण्याला पडला. पोराची परीक्षा बुडू नये म्हणून चुलत्यानं तार केली, तब्येत ठीक आहे, येऊ नको. परीक्षा देऊन पोरगा घरी आला तेव्हा बापाची राखसुद्धा धाम नदीत वाहून गेली होती. तेव्हापासून तो लिहिलेल्या कशावरही विश्वास ठेवत नाही. डॉक्टर थांबले होते, दुखणं थांबणारं नव्हतं. तू मावशीला विचारलंस, "तुमी काय म्हणाचं ठरवलं?" ती म्हणाली, "हौच म्हणीन. त्याच्या बापाच्या वेळी मले कोणी इचारलं नाई. आता इचारून राह्यले तं मी मांगं कशी सरू?"

वर्ध्याहून त्याआधी विलायतेला कोणी बोललं असेल तर ते मला ठाऊक नाही, तुझ्या हातून तरी पहिलाच कॉल तो. तू नागपूरला कळवलंस, नागपूरनं मुंबईला, आणि मुंबईनं तिथल्या दवाखान्याशी ठरवून चार दिवसांनंतरची दुपारी चारची वेळ दिली. तिकडे तेव्हा सकाळ असते हे ऐकून मावशी म्हणाली, "म्हंजे तो अजून आपल्या मांगंच हाय." तू तो पी.पी. कॉल म्हणून बुक केलास, पर्टिक्युलर पर्सन. म्हणजे नुसता दवाखान्याला फोन लागून चालत नाही, ठरलेलं माणूस ठरलेल्या माणसाशीच जोडून द्यायचं. हा शब्द पुढे तुला किती उपयोगी पडला ते येईलच.

त्याच संध्याकाळी तू तिला आपल्या स्वयंपाकघरात बसवलंस आणि तिच्या हातात लाटणं दिलंस. एक टोक कानाशी, एक तोंडाशी. मला हसू आलं, तुला आलं नाही. "मावशी, मुंबईपर्यंत तार हाय. तिथून पुढं तार नाई, नुसती हवा." मावशी घाबरली. "हवेवर कसं बोलते माणूस?" तू म्हणालीस, "धामच्या या काठावरून त्या काठाले हाक मारता नं? मारली का मंग थांबता. थांबलं तंच तिकडची हाक आयकू येते. तसंच. एक गोष्ट बोलाची, थांबाचं." आणि रडायचं नाही, असं तू बजावलंस, पण त्याचं कारणही दिलंस. या बाजूनं आवाज चालू असेल तोवर त्या बाजूचा आवाज हवेवर येतच नाही. "तुमी रडाल तं तुमचं रडणंच रस्ता अडवून बसन. तीनच मिनिटं हायेत." इतक्या सोप्या शब्दांत बिनतारी टेलिफोन मला पुढे कुणी इंजिनियरनंही सांगितला नाही. तू फक्त मॅट्रिक होतीस, तेही लग्नानंतर, चोरून.

मग हौची गोष्ट निघाली. जोडण्याआधी मुंबईची बाई इंग्रजीत विचारील, तयार आहात का. "तिले हौ नोका म्हणू. तिले ते 'हाऊ' आयकू येते, कसं म्हणून इचारलं असं वाटते, अन् ती पयल्यापासून समजावत बसते. माह्यासंग दोनदा झालं. तिच्याशी मीच बोलीन, तुमी चूप राहजा. पोराशी मात्र तुमचंच बोलजा, जसं घरी बोलता तसंच." मी चुलीशी बसून खुदखुदले आणि म्हटलं, "हौ म्हटलं की गावंढळच वाटतं." तू माझ्याकडे वळलीस. तू आवाज चढवत नसायचीस, तो खाली न्यायचीस, आणि तेच वाईट. "मी हौ नोको म्हणते ते लाइनसाठी. तू म्हणून राह्यली लाजेसाठी. दोन्ही एक नाई." मावशीसमोर बोललीस, ते मला झोंबलं.

पुढचे तीन दिवस तुझी दुपारची ड्यूटी. मावशी रोज पवनारहून मोटारीनं यायची, पाटावर बसून लाटणं कानाला लावायची, आणि सराव घ्यायला घरात मी. नातीला मी इथपर्यंत सगळं सांगते.

तो चौथा दिवस. मावशी धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली आहे, कपाळावर गोंदण, ओठ घट्ट मिटलेले. फोनच्या लाकडी खोपटात तिला बसवलं, पण दार लावल्यावर तिचा जीव घाबरला म्हणून तू ते उघडंच ठेवायला सांगितलंस. मी बोर्डापासून दोन हातांवर उभी. तू नागपूर घेतलंस, नागपूरनं मुंबई दिली, आणि मग तू जे इंग्रजी बोललीस ते अगदी मोजकं होतं, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. "येस बॉम्बे, वर्धा रेडी." तारघरातले दोन कारकून हातातलं काम सोडून दारात येऊन उभे राहिले होते. त्यातला एक तुला नावं ठेवणाऱ्या बायकांच्या आळीतलाच होता, हे मी मुद्दाम पाहून ठेवलं.

त्या टोकाला काय झालं ते मुलानं पुढे आपल्या घरी बसून सांगितलं, म्हणून मला दोन्हीकडचं ठाऊक आहे. त्याला खुर्चीवर बसवून फोनपाशी आणलं होतं. आधी नुसता जिनिंगमध्ये कापूस पिंजल्यासारखा आवाज, त्यातून एक बारीक, ताठ आवाज आला, "येस." तो म्हणाला, "माय हाय काय?" उत्तर आलं, "येस." "माय, मी काय करू?" "येस." त्याला वाटलं, ही कोणी टेलिफोनवाली बाई. "बाई, माह्या मायले द्या नं फोनवर." पुन्हा "येस." मग तो घाबरला. इकडे मला खोपटात मावशी दिसत होती, दोन्ही हातांनी फोन धरलेली, एक शब्द बोलून शहाण्या मुलीसारखी थांबणारी. आणि तिकडे तो ओरडत होता, "तुमी कोण बोलून राह्यल्या? माह्या मायले काई झालं काय? माह्यापासून लपवून नोका राहू." बापाच्या वेळची तार त्याच्या छातीवर येऊन बसली होती. एक मिनिट गेलं होतं, कदाचित जास्तच.

लाइन तपासायला तुझ्या कानात ते सगळं येत होतं. तुझा हात बोर्डावरच्या, मधे बोलायच्या किल्लीवर गेला. मला तुझा नियम पाठ होता, म्हणून मला वाटलं तू नुसता हात ठेवते आहेस. पण तू किल्ली दाबलीस आणि चालू कॉलमध्ये, मुंबई ऐकत असताना, लंडन ऐकत असताना, आपल्या स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हणालीस, "मावशी, येस नोका म्हणू. हौ म्हणा."

मावशीनं एक श्वास घेतला, तो मला उघड्या दारातून ऐकू आला. "हौ रे बाबू. हौ. मीच हाओ, तुही माय."

मधे कुठली तरी इंग्रज बाई विचारू लागली, "हाऊ? हाऊ व्हॉट, वर्धा?" तू एका दमात उत्तर दिलंस, "दॅट इज येस, मॅडम. इन वर्धा, दॅट इज येस." आणि किल्ली सोडलीस. तेव्हा तुझा चेहरा कसा होता ते नातीला सांगता आलं नाही. भाकरी तव्यावर टाकताना असतो तसाच होता, एवढंच म्हटलं. तिकडून मुलानं विचारलं, "कापू देऊ काय, माय?" आणि मावशी म्हणाली, "हौ. कापू देजो. अन् बरा होऊन घरी येजो." मग ती थांबली, तू शिकवलं होतंस तशी. तीन मिनिटं संपेपर्यंत तो बोलत राहिला आणि ती रडली नाही. रडली ती खोपटातून बाहेर आल्यावर, तुझ्या खांद्यावर, आणि दारातले कारकून उगाच खिडकीबाहेर पाहत राहिले.

इंग्रजी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. येसचे किती प्रकार असतात ते मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायची. पण एका भाषेचा शब्द दुसऱ्या भाषेपुढे ताठ उभा करणं मी तुझ्याइतकं नेटकं कधी केलं नाही. दॅट इज येस. हे तीन शब्द मी वर्गात सांगितले, माझ्या निरोप समारंभात सांगितले, तुझ्या जावयाला तर इतक्यांदा सांगितले की तो ते आधीच म्हणून टाकायचा. माझ्या आईनं लंडनला वऱ्हाडी शिकवली, असं मी म्हणते, आणि म्हणताना माझी मान ताठ होते. या वयात ती एरवी होत नाही.

पंधरा दिवसांत वरून जवाब तलब झाला. चालू कॉलमध्ये ऑपरेटर का बोलली, खुलासा करावा. तू तो रविवारी, भात शिजत असताना लिहिलास. मी डोकावून वाचला. कॉल पर्टिक्युलर पर्सनचा होता. माणूस समोर असूनही त्याची ओळख पटत नव्हती. ओळख पटवून दिल्याशिवाय कॉल जोडला असं म्हणता येत नाही, आणि जोडणं हे माझं काम आहे. वकिलालाही सुचलं नसतं. इथेच थांबली असतीस तर साहेबाला बोलायला जागा नव्हती. पण तू खाली आणखी एक ओळ घातलीस, की पार्टीला कसं बोलायचं याची चुकीची सूचना मिळाली होती आणि ती जबाबदारी माझी आहे. साहेबानं नेमकी तीच ओळ धरली. सर्व्हिस बुकात शेरा पडला, आणि नागपूरला सुपरवायझर म्हणून जायचं तुझं ठरत आलं होतं ते दुसऱ्या बाईला मिळालं. तू एवढंच म्हणालीस, "बरं झालं, तिथं उन्हाळा जास्तच राह्यते." जणू वर्ध्यात गारवा असतो.

मुलगा दोन वर्षांनी परत आला. एका खांद्यानं थोडा झुकलेला, पण चालता-बोलता. मायलेक दोघं आले होते. मावशीनं तुरीच्या शेंगांची टोपली आणली होती आणि वर, फडक्यात बांधलेलं, एक नवं कोरं लाटणं. सागवानी, पवनारच्या सुताराकडून करून घेतलेलं. "तुमचं मी घामानं खराब केलतं," ती म्हणाली. ते लाटणं अजून माझ्याकडे आहे. मी त्यावर पोळ्या लाटते, काचेत ठेवलेलं नाही, कारण तुला तसले चोचले चालले नसते.

आता ती गाळलेली बाब. कॉलच्या दिवशी आपण दोघी घरी चालत निघालो तेव्हा तू विचारलं होतंस, "मावशीनं पोराशी येस काऊन लावलं होतं?" मी म्हटलं, "काय माहीत. घाबरली असेल." तू पुढे काही विचारलं नाहीस. भाजीचं काय करायचं ते बोललीस.

त्या तीन दुपारी मी तिला तुझं अर्धंच शिकवलं. मुंबईच्या बाईशी बोलू नका, हे ठेवलं. पोराशी तुमचंच बोला, हे काढून टाकलं. हौ म्हटलंत तर लंडनचे लोक हसतील, तुमच्या पोराची मान खाली जाईल, असं मी तिला सांगितलं, आणि लाटणं कानाला लावून येस, येस घोकून घेतलं. हे तुला कळू द्यायचं नाही, अशी तिच्याकडून पोराची शपथसुद्धा घेतली. तू चुलीपाशी बोललीस त्याचा तो राग होता, आणि खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता, मला खरंच लाज वाटत होती, तिच्या हौची आणि तुझ्याही. तू किल्ली दाबून बोललीस तेव्हा पहिल्यांदा माझे कान तापले ते अभिमानानं नव्हे. अभिमान मागून आला, मावशी रडली तेव्हा. मावशीनंही माझं नाव कधी घेतलं नाही. शपथ तिनं तशी पाळली.

तुझ्या खुलाशातली ती शेवटची ओळ माझी होती. तुला ते कळलं होतं का, हे मी वर्षानुवर्षं तुझ्या तोंडाकडे पाहून ताडत राहिले. जोडून दिलं की कान काढून घ्यायचा, हा नियम तू घरातही पाळलास. एकदा सरळ विचारलं असतंस तर बरं झालं असतं. पत्रात माणूस लपवतो आणि आवाजात त्याला लपवता येत नाही, असं म्हणायचीस. माझ्या बाबतीत उलटं झालं, आवाजात जन्मभर लपलं आणि कागदावर आलं. या कागदावर पत्ता घालायचा नाहीच आहे. लाटण्याच्या डब्यात ठेवीन, पिठाखाली. पण तू तेव्हा रस्त्यात विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. "मावशीले येस तू शिकवलं काय?" एवढंच तुला मला विचारायचं होतं ना?

हौ.